नवतपात बंद पडणारी ओम्नी : कॉम्प्युटर बदलू की नको?

वाइंडिंगवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांपासून नुसता वाचतो, लिहायची पाळी आता आली.

माझ्याकडं २००७ ची ओम्नी आहे, एमपीएफआय, पेट्रोल. आठ वर्षांआधी पुसदच्या एका गृहस्थाकडून घेतली. धंदा माझा सबमर्सिबल मोटारी भरायचा. शेतातून जळालेली मोटार आणायची, वाइंडिंग करून नेऊन द्यायची. मागची सीट काढून तिथं मोटारी, तांब्याच्या तारेची बंडलं अन् वार्निशचे डबे. गाडी उभी तर मी उभा.

दुखणं असं आहे. सकाळी गाडी एक नंबर. दुपारी बाराच्या पुढं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालली, की चालता चालता बंद. झटके नाही, फटफट नाही, कोणी चावी फिरवून घेतल्यासारखी. स्टार्टर मस्त फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास निंबाखाली उभी केली की पुन्हा चालू. हिवाळ्यात एकदाही झालं नाही. होळीनंतर आठवड्यातून एकदा व्हायचं, आता नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तर रोजचंच होऊन राहिलं.

आतापर्यंत बदललं ते: प्लग, पेट्रोल पंप, कॉइल, कॅम सेन्सर. अकरा हजार गेले. मिस्त्री आता म्हणतो, "भाऊ, कॉम्प्युटर गेला." म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. नवा मागवायचा तर पैसे आधी, अन् बसवून फरक नाही पडला तर परत घेणार नाही. नागपूरच्या भंगारात साडेतीन हजाराला सांगतात, गॅरंटी दुकानाच्या दारापर्यंत.

कॉम्प्युटर खरंच असा तापून बंद पडतो का? अन् जुना घेतला तर सरळ लागतो का?

---

तिसरा_गिअर (पुणे)

बाजारात चारशे-पाचशेला ब्लूटूथचा स्कॅनर मिळतो. लावा, मोबाईलवर कोड वाचा, विषय संपला.

---

अर्धा_मिस्त्री (वरूड)

दादा, पुण्याहून विषय लवकर संपतो. २००७ ची गाडी आहे ती. ओबीडी-टू (स्कॅनरनं कोड वाचायची ठरलेली पद्धत) आपल्याकडं सक्तीचं झालं २०१३ मध्ये. त्या स्वस्तातल्या स्कॅनरशी ही व्हॅन बोलेलच असं नाही.

या वयाच्या गाड्यांत कोड दिव्यावर वाचायचा. मॅन्युअलमध्ये दाखवलेली डायग्नोसिसची पिन अर्थ करायची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची, मग चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे बारा. बारा म्हणजे कॉम्प्युटरच्या मते सगळं ठीक. पण डोक्यालाच चक्कर येत असेल तर ते कोड काय लिहून ठेवणार?

---

काडीकचरा (आर्णी)

विकून टाका. अठरा वर्षांची गाडी. पासिंगचंही पाहा, पंधरा वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजारावर गेलं. वरून हरित कर वेगळा. घोड्यापेक्षा नाल महाग.

---

वाइंडिंगवाला

काडीकचरा भाऊ, २०२२ च्या एप्रिलआधीच पासिंग करून घेतलं, वाचलो. विकायचं म्हणता तर तिच्या जागी काय घेऊ? सपाट फरशी, सरकता दरवाजा, एकटा माणूस साडेसात एचपीची मोटार आत लोटू शकतो. २०१९ पासून ही गाडी बनणंच बंद झालं. अन् नव्याचा हप्ता कोण भरते?

---

सोल्डरताई (अकोला)

वाइंडिंगवाले भाऊ, थांबा. अजून एक रुपया खर्च करू नका. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते अन् घरी असले इंजिनच्या कॉम्प्युटरचे (ईसीएमचे) डबे उघडते, म्हणून सांगते. माझ्याकडं "ईसीएम गेला" म्हणून आलेल्या डब्यांपैकी बरेच चांगले निघतात. खराब असते ती वायर, अर्थ, रिले, नाहीतर एखादा शॉर्ट झालेला सेन्सर.

आधी एवढंच सांगा. गाडी बंद पडते तेव्हा, गरम असतानाच, चावी ऑनवर आणली की चेक इंजिनचा दिवा लागतो का? अन् पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घुर्रर्र आवाज येतो का?

कॅम सेन्सरसुद्धा तापून मरतो अन् थंड झाला की जिवंत होतो, लक्षण हुबेहूब हेच. पण तेव्हा चावी ऑन केल्यावर दिवा लागतो, पंपही घुरघुरतो, कारण डोकं जागं असतं. दिवाही नाही अन् पंपही नाही, तर डोक्याला वीज पोचत नाही किंवा डोकंच झोपलं. या एका प्रश्नावर तुमचे अकरा हजार उभे होते.

---

वाइंडिंगवाला

ताई, खरं सांगू? दिव्याकडं मी कधी पाह्यलंच नाही. बंद पडली की पहिले घाम पुसतो अन् मिस्त्रीला फोन लावतो.

---

वऱ्हाडी_ठेचा (दर्यापूर)

हे भारी झालं. शेतकरी तुम्हाला फोन करतो "मोटार जळली" म्हणून, तर तुम्ही पहिले काय विचारता भाऊ? तिन्ही फेज येऊन राहिले का, ओव्हरलोड पडला का, केबलचा जोड पाह्यला का. विचारता ना? का सरळ दोनशे फुटावरून मोटार काढायला लावता?

---

वाइंडिंगवाला

ठेचाभाऊ, झोंबलं. बायकोही कालच हेच बोलली, फक्त शब्द जरा जास्त वापरले.

---

अर्धा_मिस्त्री

त्या पुसदवाल्या गृहस्थानं गॅस किट बसवली होती का? आपल्याकडं त्या काळात दर दुसऱ्या व्हॅनला होती, अन् बऱ्याच घरगुती सिलिंडरवर पळायच्या (कोणी लिहून घेऊ नका). किट काढताना इंजेक्टरच्या वायरी जिथं कापल्या होत्या तिथं नुसत्या पिळून काळी टेप मारतात. दहा वर्षांत टेपचा गोंद वितळतो अन् आत हिरवं साचते.

---

वाइंडिंगवाला

होती! आताच सीट उचलून पाहिलं. तीन वायरींना जोड आहेत, टेप हाताला गुळासारखी चिकटली. तिन्ही जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. उद्या दुपारी पाहतो. ताई, मीटर आहे, मेगरही आहे. कुठं काय मोजू ते सांगा.

---

सोल्डरताई

भाऊ!! मेगर घरीच ठेवा. तो पाचशे व्होल्ट फेकतो. मोटारीच्या इन्सुलेशनला ते ठीक, या डब्यात पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिप आहेत. एकदा लावला की मग खरंच नवा घ्यावा लागेल. बल्बचा टेस्ट लॅम्पही नको, तो जास्त करंट ओढतो. फक्त डिजिटल मीटर.

प्लग काढू नका. लागलेला असू द्या अन् पिनच्या मागून, वायरीच्या बाजूनं, बारीक टाचणी सरकवून मोजा. पिना कोणत्या ते तुमच्या मॉडेलच्या वायरिंगच्या नकाशात पाहा, रंगावरून अंदाज करू नका.

पहिलं म्हणजे अर्थ. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसवर, लाल सुई कॉम्प्युटरच्या अर्थच्या पिनवर, अन् कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. मीटरवर शून्याच्या जवळ काहीतरी यायला पाहिजे, ०.१ च्या आत. तिथं अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ सडला. नुसती कंटिन्युइटी पाहून "बीप वाजला" म्हणू नका. तारेचा एक धागा शाबूत असला तरी बीप वाजतो, पण लोड आला की तो धागा काही कामाचा नाही. तुम्ही केबलचे जोड पाहणारे, तुम्हाला हे काय सांगायचं.

मग मेन रिलेतून कॉम्प्युटरला येणारे १२ व्होल्ट. मग सेन्सरला जाणारे ५ व्होल्ट, मॅप सेन्सरवर किंवा थ्रॉटल सेन्सरवर. ५ नसतील तर तिथं थांबू नका. एक-एक सेन्सरचा प्लग काढत जा. एखादा काढल्यावर ५ परत आले तर तोच चोर, तो सगळ्यांची लाइन खाली ओढतो.

अन् हे सगळं गाडी बंद पडलेली असताना. सकाळी सात वाजता मोजून उपयोग नाही.

---

वाइंडिंगवाला (दोन दिवसांनी)

काल दुपारची हकिकत लिहितो.

आधी घरीच अर्थ मोजला. स्टार्टर मारताना ०.६ व्होल्ट! इंजिनवरून बॉडीला जाणारी जी विणलेली पट्टी असते, तिचा बोल्ट बोटानं फिरला. खालचा पत्रा घासून चकचकीत केला, पट्टी नवी बनवली. मग ०.०४. मला वाटलं जिंकलो. आनंदात आर्णी रोडनं एक मोटार पोचवायला निघालो.

पंचेचाळीस मिनिटं. बंद.

या वेळी घाम नंतर पुसला. चावी ऑन केली, ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, चेक इंजिनचा नाही. पंप चूप. शेताच्या धुऱ्यावर एक निंब होता, पण गाडी त्याच्यापासून वीस पावलं अलीकडं उन्हात. ढकलली नाही मुद्दाम, थंड होऊ द्यायची नव्हती. या गाडीत इंजिन सीटखालीच, बुड शेकून निघालं.

मेन रिलेतून कॉम्प्युटरपर्यंत १२.३ व्होल्ट येऊन राहिले. अर्थ ठीक. पाच व्होल्टच्या लाइनवर शून्य. मॅपचा प्लग काढला, शून्य. थ्रॉटलचा काढला, शून्य. सगळे काढले, तरी शून्य.

मग डॅशबोर्डाखालून डब्याला हात लावला तर पोळला. सोबत थंड पाण्याची बाटली होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, डब्याला टेकवून धरली, पाण्याचा थेंब लागू न देता. एका हातानं बाटली, दुसऱ्या हातात मीटर, मान वाकडी. शेजारून बकऱ्या घेऊन चाललेले एक बाबा थांबले, म्हणे, "डॉक्टर आहे का बा?"

तीन-साडेतीन मिनिटं झाली असतील. रिले टक् वाजला. दिवा लागला. मीटरवर ५.०१. बाटली काढली, सगळे प्लग लावले, चावी मारली, चालू.

बाबा म्हणाले, "पाणी पाजा लेकाले, बरा हुईन."

---

सोल्डरताई

शाब्बास भाऊ. आता म्हणा कॉम्प्युटर गेला. बारा व्होल्ट आत जातात, अर्थ शाबूत, सेन्सर एकही जोडलेला नाही, तरी आतून पाच बाहेर येत नाहीत अन् डबा थंड केला की येतात. बहुतेक आतल्या रेग्युलेटरच्या पायाजवळ सोल्डरला बारीक चीर असेल. धातू तापून फुगतो, चीर उघडते, थंड झाला की टेकते. अठरा उन्हाळ्यांचा हिशेब आहे तो.

---

काडीकचरा

घ्या, फिरून तिथंच आले. मिस्त्री बरोबरच होता की.

---

अर्धा_मिस्त्री

काडीकचरा, मिस्त्री बरोबर होता, पण पाचव्या नेमाला. अन् अर्थ तसाच ठेवून नवा डबा बसवला असता तर तोही रडला असता. मग म्हणाले असते, नवाही खराब निघाला.

---

वाइंडिंगवाला (चार दिवसांनी)

गंमत झाली. नागपूरला गेलो, भंगारातून एक डबा आणला, साडेतीन हजार. दिसायला सेम, प्लग सेम, पिना मोजल्या त्याही सेम. बसवला, गाडी एका झटक्यात चालू. मी खुश. पण आयडल खाली येऊनच नाही राहिलं, इंजिन घुमते ते घुमतेच. चेक इंजिनचा दिवा कायम. पेट्रोलचा वास. आता काय?

---

अर्धा_मिस्त्री

डब्यावर चिकटवलेला नंबर जुळतो का? पूर्ण? शेवटच्या अक्षरांसकट?

---

वाइंडिंगवाला

पहिले सगळे आकडे जुळतात, शेवटचे दोन वेगळे.

---

अर्धा_मिस्त्री

तिथंच माशी शिंकली. आपल्याकडं बीएस-तीन (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचा नियम) २००५ ला फक्त मोठ्या शहरांत आलं, सगळ्या देशात २०१० मध्ये. म्हणजे तुमच्या गाडीच्या वयाची, तशीच पांढरी व्हॅन मुंबईत बीएस-तीन असेल अन् यवतमाळात बीएस-दोन. भंगारवाला दोन्ही एकाच पोत्यात टाकते. आतला प्रोग्राम वेगळा, सेन्सरची अपेक्षा वेगळी. प्लग बसला म्हणजे डबा बसला असं नाही. पुन्हा कारखान्यातून गॅसवर आलेल्या गाड्या होत्या, त्यांचा हिशेब आणखी निराळा.

अन् दुसऱ्या कोणी हे वाचत असेल तर: ज्या गाडीत इमोबिलायझर आहे, तिथं नंबर जुळूनही गाडी चालू होत नाही. डबा किल्लीला ओळखत नाही. मग जुन्या डब्यातली आठ पायांची मेमरी चिप काढून नव्यात टाकावी लागते, नाहीतर कंपनीच्या मशिनवर ओळख करून द्यावी लागते. वाइंडिंगभाऊंच्या गाडीत तो प्रकार नाही म्हणून निदान आवाज तरी निघाला.

---

तिसरा_गिअर

चुकीच्या डब्यावर चालवू नका, मिश्रण जास्त श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) होऊन प्लग काळे पडतील, तेलात पेट्रोल उतरेल. (या वेळी बरोबर बोललो ना?)

---

अर्धा_मिस्त्री

या वेळी पुण्याला +१.

---

सोल्डरताई

भाऊ, तुमचा मूळ डबा माझ्याकडं पाठवा किंवा घेऊन या. घरी हात लावू नका. तुमचा सोल्डर मोटारीच्या लीडचा, टोक अंगठ्याएवढं, तो या बोर्डाची पट्टी उचलून टाकेल. काढताना बॅटरीचा मायनस आधी, मग प्लग. चावी ऑन असताना तो प्लग कधीच ओढायचा नाही.

अन् एक विचारायचं राहिलं. गाडीवर वेल्डिंग केलं का कधी?

---

वाइंडिंगवाला

मोटारी बांधायला मागं लोखंडी कड्या जोडल्या. मागच्या दिवाळीत. बॅटरी... नाही काढली.

---

वऱ्हाडी_ठेचा

हात जोडले भाऊ.

---

सोल्डरताई

वेल्डिंगनंच झालं असं म्हणत नाही, तो मार बसला तर डबा बहुतेक जागीच जातो, उन्हाळ्याची वाट पाहत नाही. पण पुढच्या वेळी बॅटरीची दोन्ही टोकं अन् कॉम्प्युटरचा प्लग काढल्याशिवाय होल्डर टेकवू देऊ नका.

---

सोल्डरताई (आठवड्यानं)

भाऊ परवा डबा देऊन गेले, सोबत दारव्ह्याहून चिवड्याचा पुडा, त्याबद्दल वेगळे आभार. आतलं लिहिते, पुढं कोणाला उपयोगी पडेल.

झाकणाचे स्क्रू काढले. बोर्डावर संरक्षक लेप, म्हणून नुसत्या डोळ्यांनी सगळं चकाचक. माशासारखा वास आला असता तर कपॅसिटर गळाला असं समजले असते, तो नव्हता. मग भिंगाखाली, दिवा तिरपा धरून, रेग्युलेटरचे पाय पाहिले. मधल्या पायाभोवती केसाएवढी काळी रिंग, पायाच्या चारही बाजूंनी पूर्ण. बोर्डाला टेबलावर पुरवठा दिला, पाच व्होल्ट होते. हेअर ड्रायरची गरम हवा मारली, दीड मिनिटात गेले. लाकडी काडीनं तो पाय हलका दाबला, परत आले.

लेप खरवडला, जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं. मोठ्या प्लगच्या दोन पायांनाही तशीच रिंग सुरू झाली होती, तीही भरली. पुन्हा लेप मारला. ड्रायर दहा मिनिटं मारला, पाच व्होल्ट हलले नाहीत. कपॅसिटर वयाचे होते म्हणून दोन बदलले.

दरम्यान माझ्या मामांच्या ओळखीनं खामगावला एका अपघातातल्या व्हॅनचा डबा मिळाला, शेवटच्या अक्षरापर्यंत नंबर सेम. दोन हजार. तोही त्यांना दिला.

---

काडीकचरा

मग आता गाडीत कोणता लावायचा? मी तर खामगाववाला लावला असता. कापलेल्या पेशंटवर कोण भरवसा ठेवते?

---

सोल्डरताई

उलट. दुरुस्त केलेला आत्ताच लावा, पाऊस लागायच्या आत. याची परीक्षा उन्हातच होते. पावसाळ्यात लावला तर नापास झालेला पुढच्या होळीलाच कळेल. खामगाववाला कोरड्या डब्यात, गाडीत सोबत.

---

वाइंडिंगवाला (पाच दिवसांनी)

मूळ डबाच लावला. आयडल जागेवर आलं. डायग्नोसिसची पिन अर्थ करून पाहिली, एक, थांबून दोन. बारा!

परवा दुपारी दीड वाजता मुद्दाम दिग्रसला गेलो, काचा बंद करून. बायको म्हणाली, पेट्रोल जाळायची हौस. दिग्रसला उतरलो नाही, इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं उन्हात उभा राहिलो, तसाच माघारी. बंद नाही पडली. काल पुन्हा, मागं दोन मोटारी घेऊन. नाही पडली. डब्याला हात लावून पाहिला, पहिल्यासारखाच पोळला, पण चालूच.

खामगाववालाही एक दिवस लावून पाहिला, तोही ठीक. पातळ फोममध्ये गुंडाळून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात सीटमागं ठेवला.

ताई, तुम्ही मजुरी सांगितली ती फारच कमी होती. तुमच्या घरच्या पाण्याच्या मोटारीला काही झालं तर फोन करा. तिन्ही फेज विचारणार नाही, सरळ येतो.

---

सोल्डरताई

आमची सिंगल फेज आहे भाऊ. या पण.

---

वऱ्हाडी_ठेचा

वाखूसा (वाचनखूण साठवली). अन् त्या नागपूरच्या साडेतीन हजारी डब्याचं काय केलं? भंगारवाल्यानं घेतला का परत?

---

वाइंडिंगवाला

कायचा घेते. म्हणे पंधराशे देतो. नाही दिला. बीएस-तीनची २००७-०८ ची पेट्रोल व्हॅन कोणाकडं असेल अन् तिला हवा असेल तर अडीच हजारात घेऊन जा. येताना तुमच्या डब्यावरच्या नंबराचा फोटो काढून आणा, शेवटच्या दोन अक्षरांसकट. नाही जुळला तर मी देणार नाही.